पन्हाळ्याच्या खोलीचा इसार

पावसाळ्याचे पहिले ढग सह्याद्रीच्या माथ्यावर जमू लागले, म्हणजे पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय माणसाला घाटमाथ्याची ओढ लागते, आणि कोल्हापुराहून अवघ्या वीस-बावीस किलोमीटरांवर असलेला पन्हाळा त्याला खुणावू लागतो. तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंबरखाना, धुक्यात बुडालेले बुरूज आणि परतताना जोतिबाचे दर्शन, असा बेत घरोघरी आखला जातो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ दुर्गांचा समावेश जागतिक वारसा यादीत केला. त्यांत पन्हाळाही असल्यामुळे गडाची वाट यापुढे अधिकच वाहती राहणार, हे उघड आहे. ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु या अभिमानाच्या आड एक प्रश्न दडून बसला आहे. तो वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. तथापि दरवर्षी कित्येक घरांत तो कडवटपणा ठेवून जातो. खोली राखून ठेवण्यासाठी आगाऊ भरलेले पैसे, बेत रद्द झाल्यास, कोणाचे?

समजा, पुण्यातील एका कुटुंबाने पन्हाळ्यावरील एखाद्या बंगल्यातील दोन खोल्या दोन रात्रींसाठी ठरविल्या आणि दहा हजार रुपये आगाऊ पाठविले. निघण्याच्या आदल्या दिवशी पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडली, महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक थांबली. कुटुंबप्रमुखाने दूरध्वनी केला, तर उत्तर मिळते, "साहेब, खोली तयार आहे. तुम्ही आला नाहीत, त्याला आम्ही काय करणार? पैसे परत मिळत नाहीत." फार विनवणी केली तर सांगण्यात येते, "पुन्हा कधी आलात तर बघू." हे "पुन्हा कधी" बहुधा उगवत नाही. दहा हजारांची रक्कम न्यायालयाची पायरी चढण्याइतकी मोठी नसते, आणि विसरून जाण्याइतकी लहानही नसते. ज्याच्या घरात महिन्याचे अंदाजपत्रक वहीत लिहिले जाते, त्याला तर ती वर्षभर बोचत राहते.

हा प्रसंग आम्ही उदाहरणादाखल कल्पिला असला, तरी त्यातील परिस्थिती काल्पनिक नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. जुलै २०२१ मध्ये तीच आपत्ती पुन्हा ओढवली. आणि त्याच अतिवृष्टीत खुद्द पन्हाळ्याच्या प्रवेशाजवळील मुख्य रस्ता खचून, गडावर मोटारी नेण्याची नेहमीची वाटच काही महिने मोडली. या दोन पुरांच्या मध्ये, मार्च २०२० मध्ये, महामारीमुळे सारा देश बंद झाला आणि उन्हाळ्याच्या सुटीसाठी केलेली सर्व आरक्षणे एका रात्रीत व्यर्थ ठरली. विमानाच्या तिकिटांच्या परताव्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी एक व्यवस्था लावून दिली. खोल्यांच्या भाड्याबाबत मात्र ज्याने त्याने आपापले पाहिले. कोणी सद्गृहस्थ मालकाने सर्व पैसे परत केले, कोणी निम्मे दिले, तर कोणी दूरध्वनी उचलणेच सोडून दिले. जेथे नियम नसतो तेथे माणसाचा स्वभाव हाच नियम होतो, आणि स्वभावावर व्यवहार चालविणे कोणत्याही समाजास परवडणारे नसते.

येथे मालकांची बाजू ऐकून न घेता निवाडा देणे अन्यायाचे होईल. पन्हाळ्यावरील पुष्कळशी निवासस्थाने बड्या भांडवलदारांची नाहीत. घरच्याच चार खोल्या काढून, घरच्याच माणसांच्या हातचा तांबडा-पांढरा रस्सा वाढून चरितार्थ चालविणारी ती कुटुंबे आहेत. त्यांची कमाई शनिवार-रविवार, सणांच्या जोडसुट्या, जोतिबाची यात्रा आणि जुलैत पावनखिंडीकडे निघणाऱ्या मोहिमा यांवर अवलंबून असते. खोलीची रात्र ही मंडईतील पालेभाजीसारखी आहे. आज विकली गेली नाही, तर उद्या तिला मोल नाही. शुक्रवारी रात्री दहा वाजता "आमचे येणे रद्द" असा निरोप आला, तर शनिवारच्या खोलीला नवे गिऱ्हाईक कोठून आणावे? त्या खोलीसाठी आधी आलेल्या तिघांना त्याने परत पाठविलेले असते. किराणा भरलेला असतो, स्वयंपाकाला माणूस लावलेला असतो, आणि आरक्षण मध्यस्थ कंपनीमार्फत झाले असल्यास दलालीचाही प्रश्न असतो. तेव्हा मालकाने काहीच कापू नये, असे म्हणणे हे न्यायाचे बोलणे नव्हे, तर गिऱ्हाइकाच्या सोयीचे आहे.

मग कापावे किती? आमच्या मते वादाचे मूळ या प्रश्नात आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या कायद्याने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात इसार देण्याची जुनी चाल आहे. इसार म्हणजे सौदा पुरा करण्याच्या निष्ठेची खूण. ती रक्कम लहान असते, आणि घेणारा फिरला तर ती बुडते, हे दोघांनाही ठाऊक असते. परंतु किमतीचा भाग म्हणून आगाऊ दिलेली मोठी रक्कम ही इसार नव्हे. दिल्लीतील एका घराच्या सौद्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फत्तेचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात हाच भेद स्पष्ट केला. घराची किंमत १,१२,५०० रुपये होती. इसार १,००० रुपयांचा आणि त्याखेरीज २४,००० रुपये आगाऊ दिलेले होते. सौदा फिसकटल्यावर विक्रेत्याने सारेच पैसे गिळंकृत करू पाहिले. न्यायालयाने इसाराचे हजार रुपये त्याच्याकडे राहू दिले. परंतु नुकसान दाखविल्यावाचून २४,००० रुपयांवर त्याचा हक्क मान्य केला नाही. १९६९ साली लष्कराला बटाटे, कोंबड्या व अंडी पुरविण्याच्या कंत्राटांतील अनामत रकमांविषयी मौलाबक्ष खटल्यातही हेच तत्त्व कायम झाले, आणि त्या वेळी पैसे जप्त करणारे दुसरे तिसरे कोणी नसून प्रत्यक्ष सरकार होते.

या निकालांचा आधार म्हणजे १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७४. करारात दंडाचा आकडा कितीही मोठा लिहिलेला असो. करार मोडणाऱ्याकडून वाजवी तेवढीच भरपाई मिळते, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. तो आकडा म्हणजे आपोआप मिळणारे बक्षीस नव्हे. शिवाय कलम ७३ सांगते की, नुकसान मोजताना ते टाळण्याची कोणती साधने हाताशी होती, याचाही विचार झाला पाहिजे. पन्हाळ्याच्या भाषेत याचा अर्थ सरळ आहे. तीन आठवडे आधी रद्द झालेली खोली मालकाने दुसऱ्या पाहुण्यास दिली असेल, तर त्याचे नुकसान जवळजवळ काहीच नाही. मग पहिल्याचे पैसेही ठेवायचे आणि दुसऱ्याचेही घ्यायचे, याला एकच रात्र दोनदा विकणे म्हणतात. पावतीवर ठळक अक्षरांत "नो रिफंड" असे छापल्याने त्या कृत्याला न्यायाचा रंग चढत नाही.

येथवर आपण पाहुण्याने स्वतःहून बेत फिरविल्याचा विचार केला. महापुराचा किंवा खचलेल्या रस्त्याचा प्रसंग याहून निराळा आहे. तेथे दोष कोणाचाच नसतो. याविषयी इंग्लंडमधील एक खटला मनोरंजक आहे, आणि तोही भाड्याच्या खोल्यांचाच! जून १९०२ मध्ये सातव्या एडवर्ड राजाच्या राज्यारोहणाची मिरवणूक पाहण्यासाठी हेन्री नावाच्या गृहस्थाने लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावरील खोल्या दोन दिवसांसाठी ७५ पौंडांना ठरविल्या आणि २५ पौंड आगाऊ दिले. राजा आजारी पडला आणि मिरवणूक रद्द झाली. मालक क्रेल याने उरलेल्या ५० पौंडांसाठी फिर्याद केली. खोल्या जागच्या जागी होत्या, खिडक्याही होत्या, नव्हती ती केवळ मिरवणूक. १९०३ साली न्यायालयाने सांगितले की, ज्या हेतूसाठी दोघांनी करार केला, तो हेतूच नाहीसा झाल्यामुळे राहिलेले पैसे देण्याचे बंधन उरत नाही. मात्र आधी दिलेल्या रकमेविषयी इंग्लंडचा कायदा पुढे बराच काळ कठोर राहिला, आणि तो सुधारण्यासाठी तेथील पार्लमेंटला १९४३ साली स्वतंत्र कायदा करावा लागला.

आपल्याकडे ती तरतूद १८७२ पासूनच आहे. कलम ५६ प्रमाणे, करार झाल्यावर तो पाळणे अशक्य झाले, तर तो रद्दबातल होतो. आणि कलम ६५ प्रमाणे, रद्दबातल झालेल्या कराराखाली ज्याने लाभ घेतला असेल, त्याने तो परत केला पाहिजे किंवा त्याची भरपाई दिली पाहिजे. यातील "अशक्य" हा शब्द केवळ शब्दशः घ्यावयाचा नसून, कराराचा पायाच ढासळेल अशी परिस्थितीही त्यात येते, असे सर्वोच्च न्यायालयाने सत्यव्रत घोष यांच्या खटल्यात १९५३ सालीच म्हटले आहे. तथापि वाचकांनी यावरून असा समज करून घेऊ नये की, चार थेंब पडले म्हणजे करार मोडला. गैरसोय म्हणजे अशक्यता नव्हे. शिवाय चतुर वकील असेही म्हणेल की, जुलैत पाऊस पडतो हे सर्वांस ठाऊक असताना तुम्ही जुलैतलीच खोली का घेतली?

या युक्तिवादात तथ्य आहे, आणि म्हणूनच आमचा मुख्य मुद्दा पुढे येतो. पाऊस हा पन्हाळ्यावर कोसळणारा अनपेक्षित अपघात नाही. तो या गडाचा जुना सोबती आहे. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरचा वेढा भेदून शिवछत्रपती बाहेर पडले, ते याच पावसाचा आडोसा घेऊन. आज तर पाहुणा पावसासाठीच येतो आणि मालक पावसावरच कमावतो. ज्या गोष्टीवर दोघांचाही व्यवहार उभा आहे, त्या गोष्टीने वाट अडविली तर काय करायचे, हे आधी लिहून न ठेवणे याला बेफिकिरी म्हणतात. पुढे भांडण झाल्यावर दोघेही निसर्गाकडे बोट दाखवितात. परंतु चूक निसर्गाची नसून कोऱ्या पावतीची असते.

ग्राहकाच्या हाती आज कायद्याची साधने नाहीत, असे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने "अनुचित करार" ही कल्पना प्रथमच स्पष्टपणे आणली. दुसऱ्या पक्षाच्या नुकसानीशी अगदीच विसंगत असा दंड ग्राहकावर लादणे, हे तिचे एक लक्षण सांगितले आहे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी तर फार मार्मिक बंधन घातले. अशा व्यवसायाला स्वतः एकतर्फी व्यवहार रद्द केल्यावर तसाच आकार सोसण्याची तयारी नसेल, तर व्यवहार पक्का झाल्यावर माघार घेणाऱ्या ग्राहकाकडूनही रद्द करण्याचा आकार घेता येत नाही. तक्रार ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते; त्यासाठी पुण्याच्या माणसाने कोल्हापूर गाठावयास नको. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी तक्रारीला शुल्क नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यकेंद्राकडे गाऱ्हाणेही मांडता येते.

परंतु या व्यवस्थेत एक मोठी उणीव आहे, आणि तिच्याकडे आम्ही लोकप्रतिनिधींचे लक्ष वेधू इच्छितो. सेवेतील त्रुटी किंवा अनुचित व्यापारी प्रथा यांची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालते. परंतु करारच अनुचित आहे, अशी तक्रार ऐकण्याचा अधिकार कायद्याने राज्य आयोगाला व त्यावरील राष्ट्रीय आयोगाला दिला आहे. दहा हजारांच्या खोलीसाठी राज्य आयोगाकडे जावे, ही अपेक्षा म्हणजे चिमणीसाठी तोफ डागण्यासारखे आहे. अनुचित करारांची झळ लहान रकमांतच सर्वाधिक लागते. म्हणून निदान लहान रकमांपुरता तरी हा अधिकार जिल्हा आयोगांना मिळाला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कायदा बदलेपर्यंत पन्हाळ्याने वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. गडावर येणाऱ्या प्रवाशाला नाक्यावर थोड्याशा कराची रीतसर पावती मिळते. आणि हजारो रुपयांच्या खोलीचा व्यवहार मात्र दूरध्वनीवरील दोन वाक्यांत उरकतो, ही विसंगती दूर करणे गावाच्याच हाती आहे. पन्हाळा गिरिस्थान नगरपरिषदेने निवासचालकांना एकत्र बोलावून सर्वांना मान्य होईल असे एक पानी नियमपत्रक तयार करावे, आणि ते प्रत्येक निवासात दर्शनी भागी व प्रत्येक पावतीच्या पाठीवर मराठीत छापावे. आम्ही भाडेनियंत्रणाची मागणी करीत नाही. भाडे किती घ्यावे हे मालकाने ठरवावे. पैसे केव्हा परत मिळतील, हे मात्र दोघांनाही आधी ठाऊक असावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

या पत्रकात काय असावे, याची रूपरेषा आम्ही सुचवितो. पहिली गोष्ट, आगाऊ रक्कम फार तर एका रात्रीच्या भाड्याइतकी असावी. ती खरी इसार ठरेल आणि तीवरून भांडण होण्याचा संभव कमी होईल. दुसरी, रद्द करण्याची कपात वेळेप्रमाणे वाढत जावी. पंधरा दिवस आधी कळविल्यास प्रत्यक्ष झालेला खर्च वगळून सर्व रक्कम परत मिळावी; आठवड्याच्या आत कळविल्यास इसाराचा काही भाग कापावा; आणि आदल्या दिवशी कळविल्यास सर्व इसार मालकाचा व्हावा. रेल्वेचे तिकीट रद्द करताना जितका उशीर तितकी अधिक कपात, हे तत्त्व आपण सर्वांनी पूर्वीच मान्य केले आहे. तिसरी, रद्द झालेली खोली पुन्हा भरली, तर कापलेली रक्कम पहिल्या पाहुण्यास परत जावी. चौथी, सरकारी आदेशाने रस्ता, महामार्ग किंवा गड बंद झाला, तर रक्कम पूर्ण परत मिळावी. पुढील तारीख घ्यावी की पैसे, याची निवड पाहुण्याची असावी. पाचवी, मालकाने आयत्या वेळी खोली नाकारली, तर घेतलेली रक्कम परत करून तेवढीच आणखी द्यावी. जो दंड आपल्याला सोसवत नाही तो दुसऱ्यावर लादू नये, हा न्याय शाळकरी पोरालाही कळतो.

चौथ्या सूचनेवर मालकवर्ग कुरकुर करील, याची आम्हांस कल्पना आहे. आपत्तीचा सारा भार आमच्याच शिरावर का, असे ते विचारतील. प्रश्न गैर नाही. परंतु त्या दिवशी मालकाने सेवा दिलेली नसते, आणि न दिलेल्या सेवेचे पैसे ठेवून घेण्याला आधार नाही. किराण्याचा खरोखरीच झालेला खर्च त्याने हिशेबानिशी मागितला, तर समजूतदार पाहुणा तो नाकारणार नाही. रस्ता वेळेवर दुरुस्त करणे आणि बंदीचा आदेश शक्य तितका आधी जाहीर करणे, हे शासनाचे कर्तव्य होय. आज सायंकाळी निघालेला आदेश उद्या सकाळपासून लागू झाला, तर पाहुणा आणि मालक दोघेही नाडले जातात.

शेवटी दोन शब्द आमच्याच वर्गाला उद्देशून लिहिणे प्राप्त आहे. आम्ही सुशिक्षित मंडळी हक्कांविषयी जितकी जागरूक असतो, तितकी शब्दाविषयी असतोच असे नाही. एकाच शनिवारसाठी महाबळेश्वर, पन्हाळा आणि आंबोली अशा तीन ठिकाणी खोल्या राखून ठेवायच्या, हवामानाचा अंदाज पाहून त्यांपैकी एक पसंत करायची आणि उरलेल्या दोघांना कळविण्याचेही कष्ट घ्यायचे नाहीत, ही शिष्टाई अलीकडे बरीच फैलावली आहे. न आलेल्या पाहुण्याची वाट पाहत रात्री अकरापर्यंत चूल पेटती ठेवणाऱ्या माणसाचे नुकसान कोणत्याही आयोगापुढे जात नाही. "नो रिफंड" ही पाटी काही ठिकाणी लोभातून आली असेल. काही ठिकाणी मात्र ती आपल्याच अशा वागणुकीने लावली आहे. पैसे परत मागण्याचा नैतिक अधिकार वेळेवर निरोप देणाऱ्यालाच शोभतो.

पन्हाळ्याला आता जगाच्या नकाशावर स्थान मिळाले आहे. तेथे येणारा परदेशी अभ्यासक असो की इचलकरंजीचा यंत्रमागधारक, त्याच्या मनात गडाची आठवण बुरुजांनी जितकी राहील, तितकीच तेथील माणसांनी केलेल्या व्यवहाराने राहील. एका रात्रीचे भाडे बुडाले तर मालकाचा तो हंगाम थोडा अपुरा जातो. परंतु पाहुण्याचा विश्वास बुडाला, तर तो पुढच्या पावसाळ्यात दुसरा डोंगर शोधतो, आणि आपल्याबरोबर आणखी चार घरांना घेऊन जातो. हा हिशेब निवासचालकांनी आणि नगरपरिषदेने यंदाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी मांडून पाहावा. एक पानी पत्रक छापण्यास खर्च फारसा येत नाही.